आपल्याकडे चषक आहेत, क्लब नाहीत

गेल्या दिवाळीपासून आतापर्यंत जालना जिल्ह्यात किती 'प्रीमियर लीग' झाल्या, हे मोजायला कुणी बसलं तर वही पुरणार नाही. कुणाचा वाढदिवस, कुणाची पुण्यतिथी, कुणाची नुकतीच झालेली निवड. बहुतेक टेनिस बॉल क्रिकेटच्या, काही कबड्डीच्या, एखादी फुटबॉलची. चौकात फ्लेक्स लागतो. मधोमध एक मोठा चेहरा, भोवती पंधरा-वीस छोटे चेहरे, खाली प्रथम पारितोषिक रोख अमुक आणि भव्य चषक. खेळणाऱ्या पोरांपैकी एकाचाही फोटो त्यावर नसतो. आठ दिवसांनी फ्लेक्स उतरतो, कुणाच्या तरी गोठ्यावर जाऊन पडतो, आणि स्पर्धा झाली होती याचा तेवढाच पुरावा उरतो.

माझं भांडण या चषकांशी आहे. पोरं खेळतात याचा आनंद मलाही होतो. मी स्वतः त्यातलाच, आणि गुडघा साथ देतोय तोवर राहीन. पण चषक भरवला म्हणजे खेळासाठी काहीतरी केलं, ही जी समजूत आपल्या डोक्यात पक्की बसली आहे ती उखडायला हवी. चषक भरवणाऱ्याचा असतो. क्लब खेळणाऱ्यांचा असतो. आपल्या गावांना पहिली गोष्ट पोत्यानं मिळाली आणि दुसरी मागायची असते हेच आपल्याला कुणी सांगितलं नाही.

आता तर लिलाव होतो. मंगल कार्यालयात खुर्च्या मांडायच्या, स्क्रीनवर पोराचा फोटो, 'ऑलराउंडर, राइट हँड', आणि समोर बसलेले 'संघमालक' पॉइंटांची बोली लावणार. एकाच गल्लीतली चार पोरं चार टीमांत विभागली जातात. टीमचं नाव म्हणजे कुणाचं तरी हार्डवेअरचं दुकान नाहीतर प्लॉटिंगची साइट. पुढच्या वर्षी नवा लिलाव, नवी जर्सी, नवा मालक. आयपीएलची नक्कल म्हणून हे गमतीचं वाटतं. पण आयपीएलमध्ये निदान चेन्नई चेन्नईच राहते. आपल्या लिलावात दर वर्षी सगळं पुसून पाटी कोरी. ज्या टीमला मागचं वर्ष नाही, तिच्यासाठी हरल्यावर कुणाला रात्री झोप येत नाही असं होईल कसं?

तेच पोरगं रात्री साडेबाराला फोनवर मॅच लावतं आणि रडतं. आर्सेनल १८८६ मध्ये वुलिचच्या शस्त्रांच्या कारखान्यातल्या कामगारांनी सुरू केला, हे त्याला पाठ आहे. वेस्ट हॅमच्या चिन्हावर दोन हातोडे का, तेही माहीत आहे: १८९५ मध्ये तो थेम्स आयर्नवर्क्स या जहाजं बांधणाऱ्या कारखान्याचा संघ होता. लोखंडाच्या कारखान्यातून क्लब निघू शकतो हे आपण वाचलेलं आहे, आणि राहतो आपण सळईच्या गावात. आपल्या एमआयडीसीत भट्ट्या रात्रंदिवस चालतात. बिहारहून, उत्तर प्रदेशातून आलेली विशी-पंचविशीतली पोरं शिफ्ट संपल्यावर खोलीत पडून रील बघतात. त्यांना कुठल्या टीममध्ये घ्यायचं, हा प्रश्न जालन्यात कुणी विचारत नाही. लिलावात त्यांचा फोटो नसतो, कारण फॉर्मवर स्थानिक आधार कार्ड लागतं.

दोन वर्षांपूर्वी मी आमच्या गल्लीच्या फुटबॉल टीमचा इतिहास लिहायचं ठरवलं. जुन्या जालन्यातली टीम, नऊ-दहा वर्षं टिकली, एकदा फायनलही जिंकली. लिहायला बसलो तेव्हा हाताशी काय होतं? एक वर्तमानपत्राचं कात्रण, ज्यात टीमचं नाव चुकीचं छापलंय आणि बक्षीस देणाऱ्या पाच जणांची नावं बिनचूक. आमच्या टीमला तेवढ्या काळात चार नावं पडली, कारण जर्सी देणारे चार झाले. जिंकलेला चषक एका जर्सीवाल्याच्या ऑफिसात होता. ऑफिस बदललं, चषक गेला. गोल कुणी मारला यावर दोन मित्रांचं अजून एकमत नाही. आम्ही खेळलो होतो हे आमच्याशिवाय कुणी सांगू शकत नाही, आणि आम्हीही नीट सांगू शकत नाही.

मी तीन वर्षं शिकायला कोल्हापुरात होतो म्हणून मला हे जास्त बोचतं. कोल्हापूर काही युरोपात नाही. जालन्याहून रात्रीच्या बसनं निघालात तर दुसऱ्या दिवशी पोचता. तिथं पोराला 'कुठला रे तू?' विचारलं तर आधी पेठ सांगतो, आणि पेठ सांगितली की टीम सांगावी लागत नाही. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, संयुक्त जुना बुधवार, प्रॅक्टिस क्लब, झुंजार क्लब, फुलेवाडी, ऋणमुक्तेश्वर, संध्यामठ. ही फुटबॉल संघांची नावं आहेत. मला सगळ्यात आवडलेलं नाव उत्तरेश्वर प्रासादिक वाचनालय. हो, वाचनालय. त्या नावानं अकरा जण मैदानात उतरतात आणि दणकून खेळतात. हे मासिक वाचणाऱ्यांनी तरी त्यांना लगेच पाठिंबा जाहीर करायला हरकत नाही.

हे सगळं उगवलं कुस्तीच्या मातीतून. शाहू महाराजांनी खासबागेचं कुस्ती मैदान १९१२ मध्ये उभं केलं, पेठापेठांतल्या तालमींना बळ दिलं. तालीम म्हणजे फक्त हौद नव्हे. एक खोली, एक मारुती, संध्याकाळी जमणारी पोरं, त्यांच्यावर नजर ठेवणारी दोन-चार वडीलधारी माणसं, गणपती, आणि काही तालमींमध्ये मोहरमचा पंजासुद्धा. बाबूजमाल तालमीचं नाव त्यासाठी अख्ख्या कोल्हापुराला माहीत आहे. संस्थानाच्या काळात फुटबॉल आला तेव्हा त्याला राहायला घर शोधावं लागलं नाही. तालमीतल्या पोरांनी चेंडू उचलला आणि जिथं लंगोट वाळत होते तिथंच बूट वाळायला लागले. १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन झाली, तिला सगळे केएसए म्हणतात. तिची लीग आजही चालते: सीनियर गटात सोळा संघ, सगळ्यांचं मैदान एकच, छत्रपती शाहू स्टेडियम.

त्या स्टेडियमवरची गर्दी मी पाहिली आहे. हजारो लोक, कामाच्या दिवशी, दुपारच्या उन्हात, तिकीट काढून. माझ्या शेजारी बसलेले काका समोरच्या विंगरच्या वडिलांचा १९८० च्या दशकातला खेळ सांगत होते, आणि पोराचा डावा पाय बापासारखाच कच्चा आहे अशी तक्रार करत होते. मी एकाच वेळी दोन मॅच बघत होतो. माझ्या गावात हे वाक्य कुणाच्या तोंडून येऊ शकत नाही. आपल्याकडे बाप खेळलेला असतो आणि मुलगाही खेळतो, पण दोघांनी एकच जर्सी घातलेली नसते.

आता म्हणाल, नेत्यांच्या नावाचे चषक कोल्हापुरातही आहेत. आहेत की. भरपूर आहेत. फरक एवढाच की तिथं चषकवाल्याला क्लबांच्या दारात जावं लागतं. पाटाकडील आणि दिलबहार आले नाहीत तर त्या चषकाकडे फिरकणार कोण? चषक बंद पडला तरी पाटाकडील राहते. आपल्याकडे चषक बंद पडला की टीमही संपते, कारण ती त्या चषकापुरतीच जुळवलेली होती. नेता वाईट आणि पैसा वाईट असं मी म्हणत नाही. समोर क्लब उभा असेल तर त्याच पैशाला वळण लागतं.

कोल्हापूरचं मी देवघर करत नाही. तिथं हुल्लडबाजी होते, दगडफेक झाली आहे, पोलिस बंदोबस्ताशिवाय मोठी मॅच होत नाही. पेठेचा अभिमान कधीकधी इतका चढतो की दोन चौक पलीकडचा माणूस शत्रू वाटायला लागतो. नायजेरियातून आलेले खेळाडू तिथल्या संघांकडून खेळले, लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. पण बाहेरचा खेळाडू आणून जिंकायचं की पेठेचा पोरगा घडवायचा, हे भांडण तिथंही मिटलेलं नाही. आणि मुलींना तालमीच्या दारातून आत घ्यायला कोल्हापूरनं फार उशीर लावला. तरी एक गोष्ट बघा. भारतानं २०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषक भरवला, त्या भारतीय संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्याला पुढं नेलं सरकारी क्रीडा प्रबोधिनीनं, हे खरं. पण ज्या गावात फुटबॉल हा रोजच्या बोलण्याचा विषय असतो, तिथल्या पोराला घरी पटवून द्यावं लागत नाही.

'मराठवाड्यात फुटबॉलची परंपराच नाही,' हे उत्तर मला जालन्यात इतक्या वेळा मिळालंय की आता मी त्यावर तारखा फेकतो. जालना १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं आणि त्यानंतर १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. त्या काळात भारतातल्या फुटबॉलची राजधानी कोणती होती? कोलकात्याचे लोक चिडतील, पण हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघानं १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईत येऊन रोव्हर्स कप नेला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, तेच पुढे भारतीय संघाचे प्रशिक्षक. 'मैदान' सिनेमा त्यांच्यावरच आहे. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये त्यांच्या संघानं १ डिसेंबरला ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं, नेव्हिल डिसूझानं तीन गोल केले, आणि भारत उपांत्य फेरीत गेला. त्या संघात तुलसीदास बलराम, नूर मोहम्मद अशी हैदराबादची पोरं होती. तारीख परत वाचा. त्याच्या बरोबर एक महिना आधी आपण त्या राज्यातून निघून मुंबई राज्यात आलो होतो.

राज्याची हद्द बदलली म्हणून कुणी चेंडू काढून घेतला असं मला म्हणायचं नाही. मराठी मुलखात येणं हे आपण मागून घेतलं, लढून घेतलं, त्याबद्दल मनात किंतू नाही. पण परंपरा नव्हती असं सांगणारा माणूस आपल्या आजोबांच्या काळातल्या राजधानीचं नाव विसरलेला असतो. हैदराबादेत क्लब होते, जालन्यात त्यांच्या बातम्या येत होत्या. आपण बातम्यांवर भागवलं. आज प्रीमियर लीगवर भागवतो तसंच.

मेलबर्नची गोष्ट पुढे अशी की उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियानं भारताला ४-१ हरवलं, आणि कांस्यपदकासाठी भारताची गाठ पडली बल्गेरियाशी. बल्गेरिया ३-० जिंकली. म्हणजे ऑलिंपिक पदक आणि आपण यांच्यामध्ये त्या दिवशी एकटा बल्गेरिया उभा होता. त्या देशाचं पुढं काय झालं? १९९४ च्या विश्वचषकात त्यांनी जर्मनीला हरवून चौथा क्रमांक मिळवला. त्यांचा सगळ्यात जुना टिकलेला क्लब, प्लोव्हदिवचा बोतेव, १९१२ चा. खासबाग मैदानाच्याच वर्षीचा. युद्धं झाली, राजा गेला, कम्युनिस्ट आले, कम्युनिस्ट गेले, क्लबाची नावं मागेपुढे बदलली, पण क्लब आहे.

आणि राझग्राद. तुमच्यापैकी जे फोनवर फुटबॉल मॅनेजर खेळतात त्यांना लुडोगोरेट्स हा क्लब माहीत असेल. ईशान्य बल्गेरियातल्या राझग्राद नावाच्या गावाचा. लोकवस्ती तीसेक हजार, म्हणजे जालना शहराच्या साधारण दहावा हिस्सा. २०१० मध्ये किरिल दोमुस्चिएव या औषध उद्योगपतीनं क्लब ताब्यात घेतला, २०११ मध्ये तो वरच्या विभागात आला, आणि २०१२ ते २०२५ सलग १४ वेळा देशाचा विजेता झाला. २०१४ च्या ऑगस्टमध्ये चॅम्पियन्स लीगच्या पात्रता सामन्यात, स्टेआउआ बुखारेस्टविरुद्ध, शेवटच्या मिनिटांत त्यांच्या गोलकीपरला रेड कार्ड मिळालं. बदली खेळाडू संपले होते. मग कोझमिन मोत्सी नावाच्या डिफेंडरनं हातमोजे चढवले, शूटआउटमधली पहिली पेनल्टी स्वतः मारली आणि दोन अडवल्या. पुढच्याच महिन्यांत रिअल माद्रिदसारखा संघ त्यांच्याशी खेळायला बल्गेरियात आला. राझग्रादच्या स्टेडियमच्या एका स्टँडला आता मोत्सीचं नाव आहे. हा व्हिडिओ मी इतक्या जणांना पाठवलाय की ते मला टाळतात.

प्रत्येक वेळी उत्तर एकच येतं: 'बघ, एक पैसेवाला मिळाला की झालं. आपल्यालाही असा कुणी पाहिजे.' इथंच माझं डोकं फिरतं. राझग्रादचं कौतुक करा, पण त्यातून हा धडा घेऊ नका. लुडोगोरेट्स उद्या मालकानं सोडला तर काय उरेल, हा प्रश्न बल्गेरियातले लोक स्वतः विचारतात. चॅम्पियन्स लीगचे घरचे सामने त्यांना गावात खेळताही आले नाहीत, मैदान नियमांत बसत नव्हतं म्हणून राजधानी सोफियात जावं लागलं. संघात परदेशी खेळाडूंचा भरणा. विजय गावाच्या नावावर, पण क्लबाचा श्वास एका माणसाच्या खिशात.

आणि आपल्याकडे असे पैसेवाले येऊन गेलेत. महिंद्रा युनायटेड २००६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकला आणि २०१० मध्ये कंपनीनं बंद केला. पंजाबचा जेसीटी, पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता, २०११ मध्ये बंद. पुण्याला २०१४ मध्ये आयएसएलची फ्रँचायझी मिळाली, हृतिक रोशन सहमालक, २०१९ मध्ये ती गुंडाळली गेली आणि तिची जागा हैदराबादला गेली. २०२५ मध्ये हैदराबादची जागा दिल्लीला गेली. बसची सीट असल्यासारखं. त्याच वर्षी आयएसएलचा अख्खा हंगाम करारांच्या घोळात स्थगित झाला आणि देशातले सगळ्यात महागडे संघ सराव बंद करून बसले. पुण्यातल्या त्या पोरांनी घेतलेल्या नारिंगी जर्सी आज कपाटात आहेत. पेठेचा क्लब असा उचलून दुसऱ्या शहरात नेता येत नाही. मंगळवार पेठ दिल्लीला कशी नेणार?

जालन्यात माणसं घडत नाहीत असं कुणी म्हणू नये. विजय झोल इथलाच. २०११ मध्ये १९ वर्षांखालील कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा, २०१४ च्या युवा विश्वचषकात भारताचा कर्णधार. २०१८ च्या डिसेंबरात महाराष्ट्र केसरीही जालन्यात झाली, बाला रफिक शेख जिंकला, गर्दी मावत नव्हती. मला अभिमान आहे. पण या दोन्हींकडे नीट बघा. एक आहे एकट्याची जिद्द, दुसरा आहे चार-पाच दिवसांचा सोहळा. मधली जागा मोकळी आहे. सुब्रतो कपच्या जिल्हा फेरीत शाळेकडून खेळलेला पोरगा बारावीनंतर कुठं खेळतो? कुठंच नाही. त्याचे बूट धाकट्या भावाला जातात.

मैदानाचं रडगाणं मलाही पाठ आहे. काळी माती, उन्हाळ्यात भेगा, पावसाळ्यात चिखल, लग्नसराईत मांडव, आणि हिरवळीवर पाणी मारा असं दुष्काळी गावात म्हणायला जीभ धजत नाही. सगळं खरं. पण त्याच मैदानावर आठवडाभर फ्लडलाइट लावून क्रिकेट होतं. मैदान चषकाला मिळतं, पोरांना मिळत नाही, कारण चषकाच्या अर्जावर एक नाव आणि एक सही असते आणि पोरांच्या मागणीवर कुणाचंच लेटरहेड नसतं. नगरपालिकेची महापालिका झाली २०२३ मध्ये. महापालिकेकडे मैदान मागायला जाणारी एक तरी नोंदणीकृत फुटबॉल संस्था गल्लीतून का निघू नये?

संस्था चालवणं आपल्याला जमत नाही, हे तर मी ऐकूनच घेणार नाही. धुळवडीचा हत्ती रिसाला शंभराहून जास्त वर्षं निघतोय. हत्ती कुठून आणायचा, रंग कुणी उधळायचा, कुठल्या रस्त्यानं जायचं, हे पिढ्यान् पिढ्या कुणीतरी कुणाला तरी सांगत आलंय. आणि गणेश मंडळ? गल्लीगल्लीत आहे. अध्यक्ष आहे, कोषाध्यक्ष आहे, पावतीपुस्तक आहे, पोलिस स्टेशनची परवानगी काढायची सवय आहे, शेजारच्या मंडळाशी खुन्नस आहे. कोल्हापूरचं तालीम मंडळ आणि आपलं गणेश मंडळ हा एकाच जातीचा प्राणी आहे. ते मंडळ वर्षभर जागं असतं, आपलं दहा दिवस जागं असतं आणि मग डीजेचं बिल थकवून झोपतं. वर्गणीतला डीजेचा एक तास कमी केला तर चार चेंडू आणि गोलपोस्टची जाळी येते. हिशोब मी करून पाहिलाय, कोषाध्यक्षांनी मला बैठकीतून उठवलं.

एक भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. गल्लीचा क्लब म्हणजे जातीचा क्लब, धर्माचा क्लब होईल का? आपल्या गावाचं गेल्या काही वर्षांतलं वातावरण पाहता हा प्रश्न विचारलाच पाहिजे. मुंबईत हिंदू, मुस्लिम, पारशी असे संघ करून क्रिकेट खेळलं जायचं; ती पंचरंगी स्पर्धा १९४६ मध्ये थांबली आणि ते योग्यच झालं. म्हणून क्लबाचं नाव गल्लीचं, चौकाचं, तळ्याचं ठेवावं, माणसाचं नाही आणि समाजाचं नाही. कादराबाद, सदर बाजार, चंदनझिरा, रामनगर, मोती तलाव, मस्तगड: ही किती छान फुटबॉलची नावं आहेत! कमेंटरीत म्हणून बघा. जो तिथं राहतो तो त्या क्लबाचा. भाड्याच्या खोलीत राहणारा, आधार कार्डावर सिवान जिल्हा असलेला भट्टीवरचा पोरगाही. आणि मुलींचा संघ त्याच नावानं, त्याच रंगात, पहिल्या दिवसापासून. 'आधी मुलांचं बसू दे, मग बघू' असं म्हणणाऱ्याला कोल्हापूरचं उदाहरण द्यावं, त्यांचं 'मग' यायला किती दशकं लागली ते.

आम्ही मार्चपासून एक वही ठेवली आहे. दोनशे पानी, शाळेची. पहिल्या पानावर क्लबाचं नाव, खाली कोण आलं, कोण आलं नाही, किती जणांत खेळलो, कुणी गोल मारला, कुणाच्या पायाला लागलं. वर्गणी महिन्याला ५० रुपये, नसतील तर नाही. जर्सीवर कुणाची जाहिरात नाही. एका सज्जनानं वीस जर्सी देऊ केल्या, छातीवर त्यांचं नाव हवं होतं. आम्ही म्हटलं, चेंडू द्या, चेंडूवर नाव टिकत नाही. ते अजून विचार करतायत. क्लबाचं वय आज चार महिने. लहान वाटेल, पण गावात मी खेळलेल्या कुठल्याही टीमचा चार महिन्यांचा सलग इतिहास मी याआधी हातात धरलेला नाही.

कुंडलिकेच्या अल्याड जुना जालना, पल्याड नवा. दोन बाजू, मध्ये नदी, दोन्हीकडे एकमेकांबद्दल पुरेसे विनोद. जगातले मोठमोठे डर्बी याहून कमी भांडवलावर उभे राहिलेत. २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की सकाळी नऊला सामना ठेवू, दर वर्षी, याच तारखेला. पाहुणे नकोत, भाषण नको, चषक तर नकोच. हरलेल्यांनी जिंकलेल्यांना पोहे द्यायचे आणि निकाल दोन्हीकडच्या वह्यांत लिहायचा. पल्याडून कुणी तयार असेल तर कळवा. आमच्याकडे सध्या रोज येणारे सात जण आहेत, त्यात गोलकीपर नाही.